निजलेल्या वाळूचे भाकीत

वाळवंट म्हणजे अखंड सरकणारी वाळू, ही शालेय पुस्तकांनी आणि पर्यटकांच्या छायाचित्रांनी मनावर बिंबविलेली कल्पना बरोबर घेऊन जो मनुष्य पश्चिम राजस्थानात जातो, त्याचा पहिल्या मुक्कामातच भ्रमनिरास होतो. जैसलमेरच्या पश्चिमेस समच्या आसपास ज्या उघड्या, तरंगांकित वालुकागिरी पाहावयास लोक जातात, तशा टेकड्या थरच्या एकंदर विस्तारात थोड्या. बाकीच्या बहुतेक फोग, खींप, सिणिया आणि सेवण गवत यांच्या मुळांनी बांधलेल्या, पावसाळ्यात बाजरी-मटकी पिकविणाऱ्या आणि पायथ्याशी ढाण्या वसविणाऱ्या अशा स्थिर टेकड्या आहेत. मारवाडात टेकडीला धोरा म्हणतात, आणि शेत, चराई, सरपण, इतकेच काय, पण शेजाऱ्याशी चाललेला हद्दीचा तंटादेखील तेथील माणसाच्या मनात अमुक धोऱ्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असा मांडलेला असतो. माझ्या नोकरीचा फार मोठा काळ या निजलेल्या वाळूच्या सहवासात गेला. आणि तिच्यापैकी कोणती पुन्हा चालू लागेल व केव्हा, हे आगाऊ सांगावयाचे, हे माझ्याकडे सोपविलेले काम होते.

पुण्यात भूगोलाचे शिक्षण झालेल्या माझ्यासारख्या देशावरच्या माणसाला या प्रश्नाचे गांभीर्य प्रथम जाणवले ते डीडवान्याजवळच्या '१६ आर' या नावाने अभ्यासकांत प्रसिद्ध असलेल्या धोऱ्यामुळे. डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र आणि शरद राजगुरू यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या धोऱ्याच्या उभ्या छेदाचा अभ्यास केला. त्यात वाळूच्या थरांमध्ये चुनखडीच्या गाठींनी कठीण झालेले जुन्या मातीचे पट्टे आणि त्यांच्या आगेमागे अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. वाळूचा प्रत्येक थर हा धोरा चालत असतानाचा, आणि चुनखडीचा प्रत्येक पट्टा तो निजलेला असतानाचा पुरावा. पुढे अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेत अशोक सिंघवी यांनी, स्फटिकाच्या कणावर शेवटचे ऊन पडल्याला किती काळ लोटला हे मोजणारी पद्धत थरच्या वाळूला लावली, जोधपूरच्या काजरी संस्थेतील अमल कर यांच्यासारख्या भूरूपतज्ज्ञांनी तिला भूमीवरच्या निरीक्षणांची जोड दिली, आणि या झोपेच्या व जागृतीच्या पाळ्यांना वर्षांचे आकडे मिळू लागले.

त्या आकड्यांत एक विलक्षण गोष्ट होती. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, थर आजच्याहून अधिक कोरडा असताना तेथील वाळू तुलनेने शांत होती. आणि नंतर, चौदा-पंधरा हजार वर्षांपूर्वीपासून, नैर्ऋत्य मोसमी वारे पुन्हा बळ धरू लागले तेव्हा ती जोमाने चालू लागली. जितका दुष्काळ अधिक तितकी वाळू अधिक चंचल, हे समीकरण सर्वांच्या तोंडी असते. येथे मात्र ते उघडउघड चुकत होते. याचे कारण असे की थरमध्ये वाळू हलविणारा वारा आणि पाऊस आणणारा वारा हे दोन नव्हेत. हिमयुगात तो वारा दुर्बळ होता, त्यामुळे पाऊस नव्हता आणि वाळू उचलणारेही कोणी नव्हते. वारा परतला तेव्हा त्याच्या पाठीवरचा पाऊस अजून झुडपांचे आच्छादन विणण्याइतका झाला नव्हता, आणि त्या मधल्या काळात धोरे वाढले व सरकले.

हीच मधली वेळ प्रत्येक वर्षी लहान प्रमाणात येते, हे तेथे राहिल्यावाचून नीट उमजत नाही. एप्रिल सरता सरता नैर्ऋत्येचा वारा वाहू लागतो, जेठात तो दिवसभर अंगाला चावत राहतो, आणि पाऊस जैसलमेरपर्यंत पोचावयाचा तो जुन्या ठोकताळ्याप्रमाणे १५ जुलैच्या सुमारास. म्हणजे झाडोरा वर्षातला सर्वांत उघडा, वाळू सर्वांत कोरडी आणि वारा सर्वांत प्रबळ, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमून येतात. कोरडी बारीक वाळू ताशी वीस किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्याने हलू लागते. आणि एकदा ही मर्यादा ओलांडली की वाहून जाणारी वाळू वाऱ्याच्या वेगाच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढते, हे राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटातील भटकंतीनंतर १९४१ साली ग्रंथरूपाने मांडले होते. वेग दुप्पट तर वाळू आठपट, असा हा हिशेब असल्याने वर्षभराच्या सरासरी वाऱ्याला काही अर्थ उरत नाही. दहा-पंधरा वादळी दिवसांत वर्षाचे काम उरकले जाते. म्हणून पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा तो वाऱ्याच्या मागून किती आठवड्यांनी आला, हा प्रश्न मला उत्तरोत्तर अधिक महत्त्वाचा वाटू लागला.

कामाचे स्वरूप बाहेरून पाहणाऱ्यास कंटाळवाणे वाटावे असे होते. धोऱ्याच्या वाऱ्याकडील उतारावर, माथ्यावर आणि पलीकडच्या कडेवर लोखंडी गजांच्या खुणा रोवून त्यांच्या उघड्या भागाची लांबी नियमाने मोजावयाची. चौकोन आखून त्यातील झुडपे, गवताचे बुंधे आणि वाळलेली खोडे यांची गणती करावयाची. वेगमापकाच्या नोंदी उतरून घ्यावयाच्या. आणि हे सर्व जुन्या हवाई छायाचित्रांशी व नकाशांशी ताडून पाहावयाचे. थरमधल्या अन्वस्त आकाराच्या धोऱ्यांचे दोन लांब बाहू वाऱ्याच्या दिशेला, नैर्ऋत्येकडे, पसरलेले असतात आणि नाक ईशान्येकडे असते. बाहू बहुधा शांत असतात. जागृतीची पहिली चाहूल नाकाच्या माथ्यावर लागते. सेवणीचे बुंधे भोवतालची वाळू गेल्यामुळे उंच चौथऱ्यावर बसल्यासारखे दिसू लागले, फोगाची मुळे दोरखंडासारखी उघडी पडली, पावसाच्या थेंबांनी व सूक्ष्म शेवाळाने बांधलेला पृष्ठभागाचा करडा पापुद्रा खुरांखाली चुरला गेला, आणि माथ्यावर वाऱ्याने खणलेला खळगा दिसला, की तो धोरा कूस बदलतो आहे असे समजावे.

या उपकरणांइतकाच उपयोगी पडला तो पटवाऱ्याचा दप्तरखाना. जमाबंदीच्या कागदात जी जमीन पूर्वी गैरमुमकिन, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून लावलेली होती ती कोणत्या साली बारानी, म्हणजे कोरडवाहू, झाली, आणि गिरदावरीत, म्हणजे पीकपाहणीत, त्या खसऱ्यावर (भूक्रमांकावर) कोणत्या साली कोणते पीक नोंदले गेले, हे पाहिले की धोऱ्याच्या माथ्यावर नांगर प्रथम केव्हा चढला याचा अदमास येई. आणि ज्या धोऱ्यांनी माझ्या डोळ्यांदेखत कूस बदलली त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या बाबतीत ही नोंद कोरी निघाली. उंटाचा हलका नांगर उताराच्या खालच्या अंगास ओरखडा काढून थांबत असे. ट्रॅक्टर आल्यावर तव्यांचा नांगर सरळ माथ्यावर गेला आणि सेवणीचे बुंधे व फोगाची मुळे त्याने उलथून टाकली. जुन्या वाळूत मातीचा जो बारीक अंश मिसळलेला असतो आणि जो कणांना धरून ठेवतो, तोही नांगरटीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात धूळ होऊन उडून जातो. मागे उरते ती निवळ, सुटी वाळू. फोगाच्या मुळ्यांचा कोळसा चांगला होतो, त्यामुळे उपटलेल्या मुळांना बाजारातही भाव होता, ही आणखी एक आपत्ती.

त्या काळात आमच्या क्षेत्रातील लोकांच्या हाती एक सुटसुटीत सूत्र आले होते. १९८८ साली निकोलस लँकेस्टर यांनी असे मांडले की वर्षातील ज्या शेकडा काळात वारा वाळू हलविण्याइतका असतो त्या आकड्याला पर्जन्य आणि संभाव्य बाष्पीभवन यांच्या गुणोत्तराने भागले असता जो अंक येतो, तो पन्नासाच्या खाली असेल तर वालुकागिरी स्थिर, पन्नास ते शंभर असेल तर फक्त माथे जागे, शंभर ते दोनशे असेल तर पायथा व मधले सखल भाग सोडून बाकीचे जागे, आणि दोनशेच्या वर असेल तर सर्व काही चालते. सूत्र उत्तम होते आणि आहे. विस्तीर्ण प्रदेशांची तुलना त्याने चटकन होते. कोष्टक, नकाशा, रंगीत पट्टे असा सरंजाम कचेरीत मांडता येतो. पण ते वर्षाच्या सरासरीवर उभे आहे, आणि काल या धोऱ्यावर काय घडले याची त्यात कोठेही नोंद नाही.

माझ्या एका अहवालाचा मसुदा वरिष्ठांकडे गेला तेव्हा त्यावर असा शेरा होऊन तो परत आला : 'धोरे सक्रिय होण्याचे संभाव्य वर्ष तहसीलवार नमूद करून अहवाल फेरसादर करावा.' शेरा लिहिणाऱ्या गृहस्थांवर माझा राग नव्हता. ज्याला तगाई, चारा आणि रस्त्यावरची वाळू उपसण्याचा खर्च यांची तरतूद करावयाची असते, त्याला साल हवे असते, हे रास्तच होय. परंतु जे सांगता येण्यासारखे नव्हते ते कागदावर मांडणे मला शक्य नव्हते. आणि का सांगता येत नाही हे मला तोवर १९८७ च्या दुष्काळाने शिकविले होते.

पश्चिम राजस्थानात त्याआधीची वर्षेही ओढीची गेली होती, आणि १९८७ चा दुष्काळ शतकातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक ठरला. आमच्या निरीक्षणाखालील गावी दोन धोरे शेजारी शेजारी होते. पाऊस तोच, वारा तोच, वाळूही तीच. एक गावदेवीच्या ओरणातला, जेथे कुऱ्हाड चालवावयाची नाही असा पिढ्यान् पिढ्यांचा दंडक; दुसरा काही वर्षांपूर्वी माथ्यापर्यंत नांगरलेला. दुष्काळाच्या जेठात ओरणाचा धोरा पाहवत नसे, एक हिरवे पान दिसेल तर शपथ. पण माझे गज जवळजवळ होते तितकेच उघडे राहिले, कारण वाळलेली खोडे वाऱ्याला जमिनीपासून उचलून धरीत होती आणि मुळे खाली जिवंत होती. वाळवंटी झुडूप चांगल्या वर्षी मुळात साठविते आणि वाईट वर्षी त्यावर दिवस काढते, जसे शेतकऱ्याचे घर कणगीतल्या धान्यावर काढते. नांगरलेल्या धोऱ्याचा माथा मात्र उघडा पडला, आणि त्याची वाळू शेजारच्या विहिरीच्या वाटेवर येऊन बसली.

खरी शिकवण पुढच्या वर्षी मिळाली. १९८८ चा पाऊस चांगला झाला. ओरणाचा धोरा भाद्रपदापर्यंत हिरवा झाला. उघड्या माथ्यावरही अंकुर फुटले, कारण कोरड्या मुलखात वाळू ही चिकणमातीपेक्षा रोपांना अधिक मायाळू असते, पाणी खोल मुरवून उन्हापासून लपवून ठेवते. पण पुढल्या जेठात उडत्या वाळूने ते कोवळे कोंभ कापले, काहींची मुळे उघडी पाडली आणि काहींना पुरून टाकले; आणि त्याच पावसात, त्याच वाऱ्यात, एक धोरा निजलेला व दुसरा जागा अशी स्थिती कायम झाली. हे कसे होते याचा उलगडा पुढे इस्रायलमधील हाइम त्सोअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लिखाणात मला सापडला. आच्छादन असलेल्या वाळूला उघडे करावयास जितका वारा लागतो, त्याच्यापेक्षा पुष्कळ दुबळा वारा असल्यावाचून उघडी वाळू पुन्हा आच्छादली जात नाही. या दोन मर्यादांच्या मधल्या हवामानात धोऱ्याची स्थिती त्याच्या पूर्वेतिहासावर अवलंबून राहते. इजिप्त आणि इस्रायल यांच्या सीमेवर, एकाच वालुकाप्रदेशात, चराई व झाडतोड चालू असलेली बाजू उजळ आणि त्यांपासून राखलेली बाजू काळसर अशी रेघ उपग्रहाच्या चित्रातही उमटते, ती याच तत्त्वाची साक्ष होय.

साल सांगण्याचा मोह मोठमोठ्या विद्वानांनाही आवरत नाही, आणि आवरावा असेही नाही, कारण इशारा देणे हे विद्वानांचे कर्तव्य आहे. २००५ साली डेव्हिड थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील कालाहारीबद्दल असे अनुमान प्रसिद्ध केले की २०३९ पर्यंत तेथील दक्षिणेचे धोरे आणि २०९९ पर्यंत अंगोला-झांबियापर्यंतचे सारे धोरे चालू लागतील. काही वर्षांनी त्सोअर यांच्याच गटाने वाऱ्याच्या शक्तीला प्राधान्य देऊन तोच हिशेब मांडला, तेव्हा कालाहारीचे धोरे शतकाच्या अखेरीसही बहुतांशी स्थिर राहतील असा निष्कर्ष निघाला. दोन्ही पक्षांचे गणित शुद्ध आहे. एकाने पाऊस आणि बाष्पीभवन यांना न्यायासनावर बसविले, दुसऱ्याने वाऱ्याला. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, पण थरच्या अनुभवाने त्यात मी एक दुरुस्ती सुचवीन : न्यायासनावर मुळांनाही जागा द्यावी, कारण वारा आणि पाऊस यांचे भांडण त्यांच्यासमोर चालते.

एका वृद्ध रेबाऱ्याशी झालेले बोलणे मला या संदर्भात नेहमी आठवते. त्याच्या मेंढ्या शेजारच्या धोऱ्याच्या उताराला चरत असत आणि माथा तेवढा टाळीत असत. मी विचारले, "बासा, वर सेवण चांगली दिसते, मेंढ्या तिकडे का नेत नाही?" तो म्हणाला, "साब, माघात खाल्लेली सेवण परत येते. जेठात खाल्ली तर वारा बुंधा सोडवून नेतो, मग पुढच्या वर्षी चारायचं काय?" वाऱ्याच्या आठवड्यांत माथ्यावरचे आच्छादन ठरावीक मर्यादेखाली जाऊ देऊ नये, हेच त्याच्या म्हणण्याचे तात्पर्य होते. ती मर्यादा अभ्यासकांनी आफ्रिकेतल्या धोऱ्यांवर मोजली तेव्हा शेकडा चौदा-पंधराच्या आसपास आली. आमच्या गजांचा कौलही साधारण तसाच होता.

शेवटी त्या शेऱ्याला मी जे उत्तर दिले त्यात साल नव्हते, अटी होत्या. माथ्यावरील जिवंत व मृत झाडोरा अमुक प्रमाणाखाली गेला असेल, माथा नांगरलेला असेल, आणि अशा स्थितीत मोसमी पाऊस नेहमीच्या तारखेहून तीन आठवडे अधिक लांबला, तर त्याच उन्हाळ्यात धोरा उघडा पडेल. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नसतील, तर तीन वर्षांचा दुष्काळही त्याला बहुधा हलविणार नाही. आणि दुष्काळ संपल्यावरचे वर्ष निर्धास्त समजू नये, कारण वाळलेली खोडे तोवर कुजतात किंवा सरपणात जातात आणि नवी रोपे अजून वाऱ्याला तोंड देण्याजोगी नसतात. तहसीलवार कोष्टकाऐवजी मी धोरावार यादी जोडली, प्रत्येक धोऱ्यासमोर माथ्याची आजची स्थिती लिहिली, आणि गिरदावरीच्या वेळी पटवाऱ्याने तेवढा एक रकाना दरवर्षी भरावा अशी शिफारस केली. शिफारस दप्तरी दाखल झाली. रकाना काही गावांत भरला गेला, काही गावांत कोरा राहिला.

यावर कोणी म्हणेल की धोरा उघडा पडल्यावर तो बांधताही येतो, मग आगाऊ चिंता कशाला? बांधता येतो हे खरे. १९५२ साली जोधपुरास वाळवंटात वनीकरण करण्यासाठी जे केंद्र निघाले आणि १९५९ साली ज्याची काजरी झाली, त्या संस्थेने ही विद्या सिद्ध केली आहे : प्रथम कुंपण घालून गुरे बंद करावयाची, मग वाऱ्याला आडव्या अशा सिणिया-खींपाच्या वाळक्या फांद्यांच्या ओळी वाळूत रोवावयाच्या, आणि त्यांच्या आडोशाला पावसाबरोबर इस्रायली बाभूळ, फोग, सेवण यांची लावण करावयाची. हजारो हेक्टर वाळू अशा रीतीने शांत झाली. पण त्यास वर्षानुवर्षे राखण लागते, गावाची संमती लागते, सरकारी पैसा लागतो. आणि जी झोप मोडू न देण्यास एक माथा पडीक ठेवणे पुरे झाले असते, ती पुन्हा आणण्यास एवढा खटाटोप करावा लागतो.

तेव्हा थरमध्ये आज जे धोऱ्यांवर नवे हक्क सांगत आहेत, मग ते कालव्याच्या पाण्यामागे आलेले शेतकरी असोत की सौरऊर्जेसाठी जमीन सपाट करणारे कंत्राटदार, त्यांना आणि त्यांना परवाने देणाऱ्या अधिकाऱ्यांना माझे इतकेच सांगणे आहे की वाळू कोणत्या साली चालेल हे कोणत्याही शास्त्रज्ञास विचारू नये. धोऱ्याचा वरचा तिसरा हिस्सा नांगराखाली आणू नये, फोग मुळासकट काढू देऊ नये, आणि वैशाखापासून पहिल्या पावसापर्यंत माथ्यावर चराई बंद ठेवावी. ही तीन बंधने पाळलेला धोरा आजच्या पावसात आणि आजच्या वाऱ्यात स्थिर राहतो, आणि ती मोडलेला धोरा पावसाने ओढ दिलेल्या पहिल्याच जेठात चालू लागतो.